एका कल्पित मंत्राचा पदच्छेद

पुणें शहराच्या दक्षिण अंगास स्वारगेट म्हणून जो गजबजलेला चौक आहे, त्याचें नांव आपण दिवसांतून अनेक वेळां उच्चारतों. परंतु त्या नांवाचा पदच्छेद करून पाहावा असें क्वचितच कोणाच्या मनांत येतें. ‘स्वार’ हा शब्द फारशी, ‘गेट’ हा इंग्रजी. शहराच्या या सीमेवर पूर्वीं घोडेस्वारांची चौकी असे, तीवरून हें नांव पडलें असें सांगतात. आज तेथें स्वारहि नाहींत आणि वेसहि नाहीं. सातारा, कोल्हापूर, कोंकण यांकडे जाणाऱ्या एस्. टी. गाड्यांचें स्थानक आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालून धांवणाऱ्या मेट्रोचेंहि आहे. तरी दोन परक्या भाषांचे ते दोन तुकडे मराठी माणसाच्या जिभेवर असे रुळले आहेत कीं, त्यांचा सांधा कोणास दिसत नाहीं.

असाच एक परका जोड अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं बसला आहे. मधल्या सुट्टींत एखादा मुलगा हातांतील पट्टी पुढें रोखून ‘एक्स्पेक्टो पेट्रोनम !’ असें ओरडतो, आणि डोक्यावरून रेनकोट ओढून राक्षस झालेला त्याचा सोबती मागें सरतो. कोणी म्हणेल, हा पोरखेळ आहे. शाळेच्या वार्षिकांत त्याची चर्चा कशाला? आम्हांस असें वाटतें कीं, मुलें जो शब्द आपण होऊन पाठ करितात त्याचा धडा करणें शिक्षकास सर्वांत सोपें. यास्तव संस्कृताच्या तासास श्लोकाचा विचार करितों त्याच क्रमानें, म्हणजे पदच्छेद, अन्वय, अर्थ आणि तात्पर्य या क्रमानें, या मंत्राचा विचार करूं.

ज्यांनीं ही कथा वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडा संदर्भ दिला पाहिजे. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेनें इ. स. १९९७ ते २००७ या काळांत हॅरी पॉटर नामक मुलाची कथा सात भागांत प्रसिद्ध केली. मराठींतहि तिचीं भाषांतरें झालीं आहेत. हॅरी हा पोरका मुलगा जादूच्या शाळेंत शिकावयास जातो. इ. स. १९९९ मध्यें निघालेल्या तिसऱ्या भागांत त्याची गांठ ‘डिमेंटर’ नांवाच्या भयंकर पहारेकऱ्यांशीं पडते. ते नुसते जवळ आले कीं माणसाच्या मनांतील आनंद शोषून घेतात आणि त्याच्यापाशीं केवळ दुःखाच्या आठवणी उरतात. खिन्नतेनें ग्रासलेल्या मनाची जी अवस्था आपण स्वतः अनुभविली तिच्यावरून ही कल्पना सुचली, असें लेखिकेनें सांगितलें आहे. या संकटाच्या निवारणासाठीं ल्यूपिन नांवाचे गुरुजी हॅरीस जो मंत्र शिकवितात तोच हा. मंत्र साधला म्हणजे छडीच्या टोंकांतून रुपेरी प्रकाशाचा एक रक्षक प्राणी प्रकट होतो आणि डिमेंटरांस पिटाळून लावितो. त्या रक्षकाचें नांव ‘पेट्रोनस’.

लेखिकेनें एक्झेटर विद्यापीठांत फ्रेंच भाषेबरोबर प्राचीन ग्रीक व रोमन वाङ्मयाचेंहि अध्ययन केलें होतें; त्यामुळें तिचे पुष्कळ मंत्र लॅटिनच्या टांकसाळींत पाडलेले आहेत. त्यांतील कांहीं नाणीं मिश्र धातूंचीं आहेत. वस्तु हवेंत उचलण्याच्या ‘विंगार्डियम लेव्हिओसा’ या मंत्रांत इंग्रजी ‘विंग’ म्हणजे पंख आणि लॅटिन ‘लेव्हिस्’ म्हणजे हलका, यांचे अंश ऐकूं येतात. हा ‘लेव्हिस्’ आपल्या ‘लघु’ शब्दाचा दूरचा भाऊ होय. असा मंत्र म्हणजे स्वारगेटाच्या नांवासारखा दोन मुलखांचा जोड. ‘एक्स्पेक्टो पेट्रोनम’ची जात निराळी आहे. तें सरळ, निर्दोष लॅटिन वाक्य आहे, आणि ‘एक्स्पेक्तो पात्रोनुम्’ अशा उच्चारानें तें एखाद्या रोमन मनुष्याच्या कानीं पडतें तर त्यास त्याचा अर्थ तत्काळ कळता.

पहिलें पद ‘एक्स्पेक्टो’. ‘एक्स्’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पेक्तारे’ म्हणजे पाहणें. बाहेर नजर लावून बसणें, म्हणजेच वाट पाहणें. येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. आपणहि कोणाची प्रतीक्षा करितों तेव्हां त्याची ‘वाट पाहतों’. ज्या वाटेनें तो यावयाचा तिच्याकडे डोळे लावितों. संस्कृतांतील ‘प्रतीक्षा’ आणि ‘अपेक्षा’ या दोन्ही शब्दांच्या पोटीं पाहणें या अर्थाचाच ‘ईक्ष्’ धातु आहे. तिन्ही भाषांनीं प्रतीक्षेचें काम डोळ्यांकडे सोंपविलें आहे. शिवाय लॅटिन ‘स्पेक्’ आणि संस्कृत ‘स्पश्’ हे एकाच बीजाचे अंकुर आहेत. ‘पश्यति’ हें रूप, हेर या अर्थाचा ‘स्पश’ हा शब्द, आणि आपल्या रोजच्या बोलण्यांतला ‘स्पष्ट’, हे सारे त्याच कुळांतले. पोलीस ठाण्यांतील इन्स्पेक्टर, म्हणजे आंत डोकावून पाहणारा, हाहि त्यांचा सोयरा.

दुसरें पद ‘पेट्रोनम’. मूळ शब्द ‘पात्रोनुस्’. त्याच्या मुळाशीं ‘पातेर्’ म्हणजे बाप. हा ‘पातेर्’ आणि संस्कृत ‘पितृ’ हे सख्खे भाऊ. ‘पातेर्’चें पोर्तुगीज रूप ‘पाद्रे’, आणि त्यापासून आपला ‘पाद्री’. हा शब्द मिशन शाळेंतील मुलांस शिकवावा लागत नाहीं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून लॅटिनचीं अशीं कितीतरी नातवंडें आपल्या किनाऱ्यास उतरलीं. ‘क्लाविस्’ची चावी झाली, ‘पानिस्’चा पाव झाला, आणि जन्मदिनवाचक ‘नातालिस्’चा नाताळ झाला. लॅटिनशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें सकाळीं चहाबरोबर पाव खावा आणि घराबाहेर पडतांना चावी खिशांत घालावी. दोनदां संबंध आला!

रोमन समाजांत ‘पात्रोनुस्’ यास विशेष अर्थ होता. दुबळ्या नागरिकानें एखाद्या वजनदार गृहस्थाचा आश्रय करावा, सकाळीं त्याच्या दारीं मुजऱ्यास जावें, आणि त्या गृहस्थानें कज्जेखटल्यांत आश्रिताची बाजू उचलून धरावी, अशी तेथें रीत होती. गुलाम मुक्त झाला म्हणजे त्याचा जुना धनी त्याचा ‘पात्रोनुस्’ म्हणविला जाई. मराठींत यास जवळचा शब्द ‘पाठीराखा’. न्यायासनापुढें बाजू घेणारा या अर्थीं ‘कैवारी’ हाहि शब्द शोभतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रचलित मराठी भाषांतरांत पवित्र आत्म्यास हेंच नांव दिलेलें आहे.

आतां अन्वय. ‘पात्रोनुस्’ हें कर्त्याचें रूप आणि ‘पात्रोनुम्’ हें कर्माचें. ‘देवः, देवम्’ हीं रूपें घोकलेल्या मुलास हें निराळें समजवावें लागूं नये. लॅटिनमध्येंहि देव तो ‘देउस्’ आणि देवास ‘देउम्’. क्रियापदाच्या शेवटचा ‘ओ’ हा ‘मी’चा वाचक आहे, म्हणून वेगळें सर्वनाम लागत नाहीं. एवंच, दोन पदांत पूर्ण वाक्य सिद्ध झालें : ‘मी पाठीराख्याची वाट पाहतों.’ संस्कृतांतहि तें दोनच पदांत म्हणतां येईल : ‘पालकं प्रतीक्षे’. हिंदी बोलपटांत या मंत्रास ‘पितृदेव संरक्षणम्’ असा पेहराव चढविला आहे. इंग्रजांस लॅटिन जशी, तशी आपल्यास संस्कृत : जुनी, गंभीर, आणि अर्धवट कळणारी. म्हणून ही योजना चतुरपणाची खरी, आणि तींत ‘पितृ’ राखला हेंहि ठीकच. परंतु क्रियापद मात्र गळालें. संरक्षण उरलें, वाट पाहणें गेलें.

लॅटिन आणि आपल्या भाषा यांचें हें नातें आजचें नव्हे. कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं इ. स. १७८६ मध्यें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा असें प्रतिपादिलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं दोनशें वर्षें, इ. स. १५८३ मध्यें, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइट धर्मगुरूंनीं गोव्याहून आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें नमूद केलें होतें. हे गृहस्थ लॅटिनमध्यें वाढलेले. तरी ख्रिस्तचरित्र लोकांच्या कानीं घालावयाची वेळ आली तेव्हां त्यांनीं तें मराठींत, आणि तेंहि ओवींत घातलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें गोव्यांत राशोल येथें छापून निघालें. शब्दाचें सामर्थ्य ऐकणाऱ्याच्या समजुतींत असतें, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

आपल्या मंत्रांतलें ‘एक्स्पेक्टो’ हें पदहि या भूमीस नवें नव्हे. नायसीयाच्या विश्वासांगीकाराच्या लॅटिन पाठांत, अगदीं शेवटास, आपण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतों असें भक्त म्हणतो. तेथें हेंच क्रियापद आहे. वसईच्या आणि गोव्याच्या देवळांतून कित्येक पिढ्यांनीं तें ऐकिलें. त्यांच्या भक्तीविषयीं शंका नाहीं. परंतु शब्द आणि मन यांच्यामध्यें भाषेचा पडदा होता. इ. स. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें देशी भाषांस मोकळीक दिली, आणि पुढें वसईस मराठींत व गोव्यांत कोंकणींत उपासना होऊं लागली. अर्थ सुटलेल्या शब्दाचें काय होऊं शकतें, याचा एक मासला इंग्रजींत सांगतात. गारुड्यांच्या ‘होकस पोकस’ या बडबडीचा उगम लॅटिन उपासनेंतील भाकरीवर उच्चारावयाच्या पवित्र शब्दांच्या विडंबनांत असावा, असा तर्क सतराव्या शतकांत आर्चबिशप टिलटसन यांनीं केला. तो तर्क सिद्ध झालेला नाहीं. पण तो कोणास सुचावा, हेंच पुरेसें बोलकें आहे.

आमच्या पुणें जिल्ह्यांत याच्या उलट उदाहरण घडलें. पंडिता रमाबाईंस इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, इतकें त्यांचें संस्कृताचें पाठांतर व ज्ञान होतें. त्याच रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें बसून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सारें बायबल मराठींत उतरविलें. तेंहि अल्पशिक्षित स्त्रियांस कळावें अशा सोप्या मराठींत. इ. स. १९२२ मध्यें त्या निवर्तल्या, आणि १९२४ मध्यें तो समग्र ग्रंथ छापून निघाला. मोठे शब्द ज्यांच्या सहज मुखीं होते त्यांनीं आयुष्याच्या अखेरीस लहान शब्दांची निवड करावी, यांत विद्यार्थ्यांस मोठा धडा आहे.

आतां खुद्द ‘मंत्र’ या शब्दाकडे वळूं. यास्काचार्यांनीं निरुक्तांत हा शब्द ‘मनन’ यावरून लाविला आहे. वेदमंत्र निरर्थक आहेत असें कौत्स नांवाच्या आचार्याचें मत त्याच ग्रंथांत दिलें असून यास्कांनीं तें खोडून काढिलें आहे. आणि अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा तेथें दिली आहे. इंग्रजींतील ‘इन्कँटेशन’ आणि ‘चार्म’ हे शब्द लॅटिनमधील गाण्याच्या वाचक शब्दांपासून निघाले. यूरोपीय भाषांनीं मंत्र कानांनीं ओळखिला, आपल्या भाषेनें तो मनानें ओळखिला. गंमत अशी कीं, ‘मनन’ यांतील ‘मन्’ आणि लॅटिन ‘मेन्स्’ म्हणजे मन, हे एकाच कुळांतले. आणि ‘डिमेंटर’ या नांवांत हाच ‘मेन्स्’ दडलेला आहे. डिमेंटर म्हणजे मन हिरावून घेणारा. मन हिरावणाऱ्यावर उपाय कोणता, तर मंत्र, म्हणजे मनाचें साधन ! लेखिकेनें संस्कृत व्युत्पत्ति पाहून ही योजना केली असें आमचें म्हणणें नाहीं. भाषांचें कूळ एक असल्यामुळें हा मेळ आपोआप बसला आहे.

मनास वगळून नुसत्या ध्वनीवर विसंबणें मात्र घातक ठरतें. सेरेनुस सामोनिकुस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें तापावर असा उपाय लिहून ठेविला आहे कीं, ‘अब्राकाडाब्रा’ हा शब्द एकाखालीं एक, दर ओळींत एकेक अक्षर कमी करीत लिहावा आणि तो रोग्याच्या गळ्यांत बांधावा. परंतु ताप गळ्यांतलीं अक्षरें वाचीत नाहीं. आपल्याकडेहि साप चावलेल्या मनुष्यास दवाखान्यांत नेण्याऐवजीं मांत्रिकाकडे नेतात, आणि प्रतिविषाच्या सुईनें जो वांचला असता तो मंत्र ऐकतां ऐकतां दगावतो. अशा प्रकारांविरुद्ध आयुष्यभर झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं याच पुणें शहरांत गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्रादि उपचार करणें हा त्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. कथेंतला मंत्र कथेंत शोभतो. विषावर औषधच पाहिजे, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पक्कें ध्यानांत ठेवावें.

आणि कथेंत तरी नुसत्या शब्दांनीं काम भागतें काय ? मुळींच नाहीं. ल्यूपिन गुरुजी हॅरीस प्रथमच बजावितात कीं, आयुष्यांतील अत्यंत आनंदाची एखादी आठवण मनांत घट्ट धरली तरच हा मंत्र फळेल. हॅरी शब्द तर बिनचूक म्हणतो. पण त्याची आठवण पुरेशी बळकट नसते, तेव्हां छडींतून केवळ रुपेरी धुकें निघतें. तो पुन्हां पुन्हां प्रयत्न करितो, घेरी येऊन पडतो, आणि गुरुजी त्यास चॉकलेट खावयास देऊन सांवरितात. पाठांतर निर्दोष असून उत्तर कां येत नाहीं, हें कोडें पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें हा प्रसंग वाचावा. ओळी पाठ असतात. त्या ओळींमागें अनुभवाचें किंवा समजुतीचें बळ नसतें. अर्थ हाताशीं असला तर विसरलेला शब्दहि परत सांपडतो. अर्थ नसला तर एक शब्द निसटतांच सारी ओळ कोसळते.

उरलें तात्पर्य. कथेच्या अखेरीस सरोवराच्या कांठीं डिमेंटर हॅरीस घेरतात. तो शुद्ध हरपण्याच्या बेतांत असतां पैलतीरावरून एक तेजस्वी शिंगाळें हरिण धांवत येतें आणि त्यांस उधळून लावितें. पैलतीरावर उभी असलेली आकृति हॅरीस आपल्या मृत पित्यासारखी भासते. पुढें मैत्रिणीजवळच्या जादूच्या घटिकायंत्राच्या योगें तो काळांत मागें जातो, आणि त्याच घटकेस पैलतीरावर येऊन उभा राहतो. पिता आतां येईल, मग येईल, म्हणून तो वाट पाहतो. मंत्राचें पहिलें पद तो अक्षरशः जगत असतो. पिता येत नाहीं. पलीकडे त्याचाच पूर्वीचा देह डिमेंटरांच्या तावडींत सांपडलेला असतो. तेव्हां त्यास उमगतें कीं, मघां आपण पाहिली ती आकृति पित्याची नव्हती, आपलीच होती. तो पुढें होतो, मंत्र म्हणतो, आणि छडींतून हरिण निघतें. त्याचा पिता जें रूप घेत असे तेंच. ‘पात्रोनुस्’ शब्दाच्या मुळाशीं असलेला ‘पातेर्’ येथें असा प्रकट होतो. बाप आला नाहीं. परंतु बापाचें जें मुलांत उरलें होतें तें धांवून आलें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेंतहि अशीं मुलें आहेत कीं ज्यांच्या डोक्यावरचें छत्र लहानपणींच गेलें. दुसरीं कांहीं अशीं आहेत कीं ज्यांच्या मनावर निकालाचें, गरिबीचें किंवा घरांतील कलहाचें दडपण बसून आनंदाची एकहि आठवण वर येत नाहीं. अशा वेळीं मुकाट्यानें सोसूं नये. आईबापांशीं, शिक्षकांशीं, मित्राशीं बोलावें. गरज असल्यास डॉक्टरांकडेहि जावें. हॅरीससुद्धां गुरुजी लागलेच, आणि चॉकलेटहि लागलें ! पाठीराख्याची वाट पाहण्यांत कमीपणा नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें तीहि एक प्रार्थनाच आहे. मात्र वाट पाहणें म्हणजे डोळे मिटून बसणें नव्हे. शब्दांतच ‘पाहणें’ आहे. म्हणून डोळे उघडे ठेवा, आणि वाटेकडे पाहतां पाहतां एकदां आपल्या मागच्या बांकाकडेहि वळून पाहा. तेथें कोणी धाकटा, एकही शब्द न बोलतां, तुमचीच वाट पाहत बसलेला असेल.